चेहऱ्यावरचे चट्टे आणि हृदयातले पाणी

मुलाला हृदयाचा आजार आहे असे कानावर आले की आपल्याकडे दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक म्हणजे जन्मतःच हृदयाला छिद्र असणे. दुसरी म्हणजे लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून पुढे हृदयाची झडप खराब होणे. या दोन्हींबद्दल शाळांमधून बरीच माहिती पोचली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातून, पालघरहून सुरू झाला. तेव्हापासून वर्षातून एकदा डॉक्टरांचे पथक शाळेत येते. आमच्या गंगापुरातही येते. मुलांना रांगेत उभे करून वजन, उंची, डोळे, दात, छाती तपासतात आणि शंका आली तर चिठ्ठी देऊन पुढे पाठवतात. या पथकाकडे तीस प्रकारच्या दोषांची आणि आजारांची यादी असते.

ल्युपस हा आजार त्या यादीत नाही. यादीत रक्तक्षय आहे, त्वचेचे विकार आहेत, संधिवाताच्या तापाने होणारा हृदयविकारही आहे. ल्युपस झालेल्या मुलीच्या अंगावर यातले सगळेच थोडे थोडे दिसते. रक्त कमी असते, गालावर चट्टे असतात, सांधे दुखतात, कधी छातीही दुखते. प्रत्येक लक्षणाला वेगळी गोळी मिळते आणि मूळ आजार तसाच राहतो. आजार फार सर्रास नाही म्हणून डॉक्टरांच्याही मनात तो लवकर येत नाही. दिल्लीचे प्रा. मालवीय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दिल्लीजवळच्या खेड्यांतली पाहणी प्रसिद्ध केली. तीत लाखामागे साधारण तीन रुग्ण आढळले. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ३७ लाख होती. तोच हिशेब इथे लावला तर जिल्ह्यात शे-सव्वाशे रुग्ण निघतील. जगभरच्या अनुभवाप्रमाणे शंभरातल्या पंधरा ते वीस जणांना हा आजार अठरा वर्षांच्या आतच सुरू होतो. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या वीसेक जणांना हा आजार अठराच्या आतच सुरू झालेला असणार. आकडा लहान आहे खरा, पण त्यातली एक मुलगी माझ्या वर्गात होती.

ल्युपस हा लॅटिन शब्द, अर्थ लांडगा. चेहऱ्यावरच्या जखमा लांडग्याने चावा घेतल्यासारख्या दिसतात म्हणून जुन्या काळी हे नाव पडले. पुढे कळले की कातडीवर दिसते ते फक्त वरचे. शरीराची रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढण्यासाठी असते. या आजारात ती आपल्याच पेशींना परके समजू लागते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. रक्त सगळीकडे फिरते, त्यामुळे ही भांडणेही सगळीकडे होतात. कातडी, सांधे, मूत्रपिंड, मेंदू, फुप्फुसे, हृदय, काहीच सुटत नाही. आजार स्पर्शाने, उष्ट्याने, एका अंथरुणात झोपल्याने पसरत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण एका घरात मी मुलीचे ताट-वाटी वेगळी ठेवलेली पाहिली आहे.

वयात येणाऱ्या मुलींमध्ये हा आजार जास्त आढळतो. मुलांनाही होतो, अगदी लहान वयातही होतो, पण दहा-बारा वर्षांनंतर मुलींचे प्रमाण झपाट्याने वाढते. सुरुवात साधी असते. बारीक ताप राहतो. सकाळी बोटे आणि गुडघे आखडतात. तोंडात, टाळूला फोड येतात, पण दुखत नाहीत म्हणून मुलगी सांगतही नाही. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या कण्यावर फुलपाखराच्या आकाराचे लालसर चट्टे येतात, उन्हात गेले की वाढतात. आई म्हणते गरमी झाली आहे, आजी म्हणते नजर लागली आहे. केस गळतात. आपल्या मुलींच्या डोक्यावर ओढणी किंवा स्कार्फ असतो, त्यामुळे केस किती विरळ झाले हे शाळेत कोणाला दिसत नाही. घरी वेणी घालणाऱ्या अम्मीलाच ते आधी दिसते. वेणीची जाडी निम्मी झाली आणि सोबत ताप नाहीतर सांधेदुखी असेल, तर तेल बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

आता हृदयाकडे येऊ.

हृदयाभोवती एक पातळ दुहेरी पिशवी असते. ल्युपसमध्ये हृदयाचा जो भाग सर्वांत जास्त वेळा सापडतो तो हा. पिशवीला सूज येते आणि तिच्या दोन पदरांमध्ये पाणी साठते. दुखणे छातीच्या मध्यभागी असते, खोल श्वास घेतला की टोचते. त्याची ओळखण्यासारखी खूण म्हणजे आडवे झाले की दुखणे वाढते आणि पुढे वाकून बसले की कमी होते. आठवीतली ती मुलगी मला तिच्या बोलीत म्हणाली होती, “आपा, लेटे तो छाती दुखती, बैठे तो अच्छा लगता.” डॉक्टर या दुखण्याची जी खूण पुस्तकात शिकतात, ती त्या पोरीने एका वाक्यात सांगितली होती. पाणी थोडे असेल तर औषधाने जिरते. फार झाले तर हृदयाला फुलायला जागा उरत नाही, नाडी बारीक आणि जलद होते, बीपी उतरते, मूल घामाघूम होते. तेव्हा सुईने ते पाणी काढावे लागते आणि त्यासाठी उद्याची वाट पाहता येत नाही.

दुसरा भाग हृदयाचा स्नायू. त्याला सूज आली की हृदयाचा जोर कमी पडतो. मूल जिना चढताना थांबते, खेळातून बाजूला होते, पायांवर सूज येते, काही काम नसतानाही नाडी धावत राहते. हे कमी मुलांमध्ये होते, पण झाले तर गंभीर असते. तिसरा भाग झडपा. न्यूयॉर्कमधल्या लिबमन आणि सॅक्स या दोन डॉक्टरांनी १९२४ साली झडपांवरच्या अशा लहान गाठींचे वर्णन केले ज्यांत जंतू सापडत नव्हते. आजही त्या गाठींना त्यांचेच नाव आहे. काही रुग्णांच्या रक्तात गुठळ्या करणारी एक वेगळी प्रतिपिंडे असतात. त्यांच्यात झडपांचा त्रास जास्त होतो, आणि पायाच्या शिरेत, फुप्फुसात किंवा मेंदूत गुठळी जाण्याचा धोकाही असतो. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला दाब वाढणे हाही प्रकार आहे. त्यात चालताना धाप लागते आणि कधी कधी भोवळ येऊन मूल पडते.

आपल्या भागात घोळ होतो तो नेमका याच ठिकाणी. मुलीचे सांधे दुखतात, ताप आहे, छातीत वेगळा आवाज येतो, हे सगळे एकत्र दिसले की पहिला विचार संधिवाताच्या तापाचा येतो. तो येणे चूकही नाही. महाराष्ट्रात तो आजार ल्युपसपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि दर तीन आठवड्यांनी घ्यायच्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने हजारो मुलांच्या झडपा वाचल्या आहेत. पण इंजेक्शने चालू असूनही महिन्यांमागून महिने ताप येत असेल, गालावर चट्टे असतील, केस गळत असतील, लघवीला फेस येत असेल, तर निदान पुन्हा तपासायला हवे. दुसरा घोळ क्षयरोगाचा. हृदयाच्या पिशवीत पाणी दिसले की भारतात क्षयाची शंका आधी घेतात, आणि तीही बहुतेक वेळा बरोबर असते. त्यातच आणखी एक गाठ अशी की क्षयावरच्या आयसोनियाझिड या गोळीने काही थोड्या रुग्णांमध्ये ल्युपससारखाच त्रास सुरू होऊ शकतो. (म्हणून कोणी क्षयाची गोळी मनाने बंद करू नये. तो धोका याहून कितीतरी मोठा आहे.)

माझ्या विद्यार्थिनीच्या बाबतीत हे दोन्ही झाले. आधी काही महिने इंजेक्शने, मग क्षयाच्या गोळ्या. तिचे अब्बू वाळूजच्या एका कंपनीत पाळीवर जायचे. रजा घेऊन प्रत्येक वेळी नव्या दवाखान्यात गेले की जुनी फाईल घरीच राहायची आणि सगळे पहिल्यापासून सुरू व्हायचे. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी साधी लघवीची तपासणी सांगितली. तीत प्रथिने जात होती, रक्तही होते. सांधे, चेहरा, छाती आणि मूत्रपिंड या चारही गोष्टी त्यांनी एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या आणि मग रक्ताची तपासणी मागवली. लघवीची तपासणी शे-दोनशे रुपयांत होते. ती वर्षभर आधी झाली असती तर बरे झाले असते, एवढेच म्हणते.

रक्ताच्या तपासणीबद्दल एक सावधानता. एएनए नावाची तपासणी ल्युपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांमध्ये पॉझिटिव्ह येते, पण निरोगी माणसांतही ती कधी कधी पॉझिटिव्ह येते. लॅबचा कागद हातात आला म्हणून घरात रडारड करू नये. निदान लक्षणे, लघवी, रक्तपेशी, पूरक प्रथिनांची पातळी आणि डीएनएविरुद्धची प्रतिपिंडे या सगळ्यांवरून होते. हृदयासाठी छातीचा फोटो, ईसीजी आणि टूडी इको पुरतात. इकोत पाणी, झडप आणि स्नायूचा जोर तिन्ही दिसते. त्यात सुई नाही, दुखत नाही, मुलाने पंधरा-वीस मिनिटे शांत पडून राहायचे असते.

पहिल्या धोक्याबद्दल एवढे पुरे. दुसरा धोका वर्षानुवर्षे दिसतच नाही, आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही म्हणून त्यावर थोडे जास्त लिहिते.

पूर्वी ल्युपसचे रुग्ण फार जगत नसत. १९५५ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून एक हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात निदानानंतर चार वर्षांनी निम्मेच रुग्ण हयात होते. त्याआधी १९४९ मध्ये मेयो क्लिनिकचे फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन देऊन उभे केले होते. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळाले. हे स्टेरॉइड ल्युपसमध्येही वापरले जाऊ लागले. मूत्रपिंडाची औषधे सुधारली, आणि आज चांगले उपचार मिळालेली शंभरातली नव्वदहून अधिक मुले दहा वर्षांनंतरही आपल्यात असतात. पण १९७६ साली टोरंटोच्या डॉ. युरोविट्झ यांनी एक वेगळी गोष्ट नोंदवली. त्यांच्या काही रुग्णांचा मृत्यू पहिल्या वर्षभरात झाला होता, आजार भडकल्याने आणि जंतुसंसर्गाने. उरलेले काही जण बऱ्याच वर्षांनी गेले. तेव्हा त्यांचा ल्युपस जवळजवळ शांत होता. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या बंद झाल्या होत्या.

१९९७ साली पिट्सबर्गहून आणखी ठोस आकडा आला. ल्युपस असलेल्या ३५ ते ४४ वयाच्या स्त्रियांमध्ये हार्ट अटॅकचे प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा पन्नास पटींहून जास्त होते. या वयात आपल्याकडच्या बायका दहावीतल्या मुलांचे डबे भरत असतात. हार्ट अटॅकचा विचार कोणाच्या मनात येत नाही, आणि छातीत दुखले की ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा दिला जातो. ज्या मुलीला बाराव्या वर्षी ल्युपस झाला, ती पस्तिशीत पोचेपर्यंत तिच्या रक्तवाहिन्यांनी तेवीस वर्षे सूज सोसलेली असते. आजाराची सूज, स्टेरॉइडने वाढलेली चरबी आणि साखर, मूत्रपिंडामुळे वाढलेले बीपी, सगळे मिळून रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला खडबडीत करते. मग कोलेस्टेरॉलची गोळी लहानपणीच सुरू करावी का? हा प्रश्न अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या डॉक्टरांनी घेतला. १० ते २१ वयाच्या २२१ मुला-मुलींना तीन वर्षे एकतर ती गोळी किंवा तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली, आणि मानेतल्या रक्तवाहिनीच्या भिंतीची जाडी मोजली. २०१२ मध्ये निष्कर्ष आला. दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. त्यामुळे ती गोळी सरसकट देत नाहीत, ज्याला गरज असेल त्यालाच देतात.

म्हणून उरतात त्या कंटाळवाण्या गोष्टी, आणि त्यातली पहिली बीपी. लहान मुलाचे बीपी मोजायला लहान पट्टा लागतो. मोठ्या माणसाचा पट्टा बारीक दंडावर बांधला तर आकडा खोटा कमी येतो आणि सगळे निश्चिंत होतात. तेरा वर्षांच्या पुढे १३०/८० किंवा त्याहून वर आकडा वारंवार आला तर ते वाढलेले बीपी. त्याहून लहान मुलांसाठी वय आणि उंचीप्रमाणे तक्ता असतो, तो डॉक्टरांकडे पाहावा. ‘पोरीला कसले आले बीपी’ असे म्हणून मशीन बाजूला ठेवणाऱ्याला मशीन पुन्हा हातात घ्यायला सांगण्यात लाज नाही. मीठ कमी, म्हणजे लोणचे, पापड, कुरकुरे, बेकरीची खारी, दस्तरखानावरचे दुसऱ्यांदा मीठ टाकलेले सालन, हे सगळे कमी. घरात कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्याने ती अंगणात नव्हे, सोडूनच द्यावी. आजार शांत असेल तेव्हा मुलीने चालावे, खेळावे. पी.टी.च्या तासाला तिला कायमचे झाडाखाली बसवून ठेवणाऱ्या शिक्षकांनी डॉक्टरांची चिठ्ठी नीट वाचावी.

दुसरी गोष्ट हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ही गोळी. मूळची मलेरियाची, पण ल्युपसमध्ये ती पायाचा दगड आहे. तिने आजार पुन्हा भडकणे कमी होते, रक्तातली चरबी थोडी सुधारते, गुठळ्यांचा धोका घटतो. एक गोळी दहा रुपयांच्या आसपास किंवा त्याहून कमी किमतीला मिळते. काहींना आठवत असेल, मार्च २०२० मध्ये हीच गोळी कोरोनावर चालते अशी आवई उठली. डॉक्टरांनी आणि सुखवस्तू लोकांनी ती घरात भरून ठेवली, आणि ज्यांना ती आयुष्यभर घ्यायची आहे त्या मुलींच्या आयांना मेडिकलवरून रिकाम्या हाताने परतावे लागले. सरकारने तेव्हा तिच्या निर्यातीवर बंदी घातली आणि चिठ्ठीशिवाय विक्रीवर निर्बंध आणले. कोरोनावर ती निरुपयोगी ठरली हे काही महिन्यांत सिद्ध झाले. ल्युपसमध्ये मात्र तिची जागा घेणारी गोळी आजही नाही. मात्रा वजनाप्रमाणे ठरते. बराच काळ घेतल्यावर डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळे तपासायचे. ‘डोळे जातात’ असे ऐकून गोळीच बंद करणारी घरे आहेत. तपासणी केली तर डोळेही राहतात आणि गोळीही.

तिसरी गोष्ट स्टेरॉइड, आणि खरी लढाई इथेच आहे. स्टेरॉइडने चेहरा गोल होतो, गाल फुगतात, अंगावर लव वाढते, वजन वाढते, मांड्यांवर रेघा उमटतात. चौदा वर्षांच्या मुलीला हे झाले की ती आरशासमोर जात नाही. नातेवाईक लग्नात भेटतात आणि हसत म्हणतात, “काय खाऊ घालता हो हिला?” माझ्या विद्यार्थिनीने चुलत बहिणीच्या निकाहाआधी दोन आठवडे गोळ्या बंद केल्या, कोणाला न सांगता. निकाहाच्या दुसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, बीपी उतरले, आणि मेंदी लावलेल्या हाताला सलाईन लागले. शरीर स्वतःही थोडे स्टेरॉइड बनवते. बाहेरून ते येत असताना शरीराचा हा कारखाना बंद पडतो. बाहेरचे एकदम थांबवले तर दोन्हीकडचे थांबते. म्हणून मात्रा हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच उतरवायची. चांगले डॉक्टर आपण होऊन ती शक्य तितकी कमी करत आणतात. मुलीला हे आधीच सांगावे, की चेहरा मात्रा उतरल्यावर पुन्हा पहिल्यासारखा होतो. आणि नातेवाइकांनाही सांगावे, थोडे कडक शब्दांत.

उपचारासाठी जायचे कुठे? गंगापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात शंका घेतली जाऊ शकते, लघवी-रक्त होऊ शकते, पुढची चिठ्ठी मिळू शकते. त्यापुढे शहरातले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला आपण सगळे घाटी म्हणतो. १९५६ पासून मराठवाड्यातले गोरगरीब तिथेच जातात. तिथल्या रांगा आणि गर्दी सर्वांना माहीत आहे. पण बालरोग, हृदय, मूत्रपिंड आणि त्वचा या चारही विषयांचे डॉक्टर एकाच आवारात असणे या आजारात फार मोलाचे आहे, कारण ल्युपसला चौघांनी मिळून पाहावे लागते. मुलांच्या संधिवाताचे खास तज्ज्ञ महाराष्ट्रात मोजकेच. मुंबईत परळला १९२९ पासून चालू असलेल्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयात त्यांची ओपीडी आहे. शेजारीच केईएमच्या आवारात रक्त आणि प्रतिकारशक्तीवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, जिथे ल्युपसच्या प्रतिपिंडांवर बरेच काम झाले आहे. रात्री देवगिरी एक्सप्रेसने निघाले की सकाळी दादरला उतरता येते. वर्षातून एक-दोनदा तिथे आणि दरमहा इथे असे अनेक कुटुंबे जमवतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत दाखल झाल्यावरच्या उपचारांना आधार मिळतो. दरमहाच्या गोळ्यांचा खर्च मात्र बहुतेक घरचाच, त्याची तयारी ठेवावी. आणि फाईल. एकच जाड फाईल, तारखेप्रमाणे लावलेली, प्रत्येक वेळी सोबत. उर्दूत नोंदी ठेवत असाल तर ठेवा, पण औषधांची नावे डॉक्टरांनी लिहिली तशीच उतरवा.

आपल्या घरांचे काही खास प्रश्न आहेत, ते दुसऱ्या मासिकात येणार नाहीत म्हणून इथे लिहिते.

पहिला प्रश्न उन्हाचा. ऊन ल्युपसला भडकवते. अंग झाकलेले असणे इथे फायद्याचे आहे, पण चेहरा आणि हात उघडेच राहतात आणि चट्टे येतात ते नेमके तिथेच. मैदानातली सकाळची प्रार्थना, एप्रिलमधली सहल, दुपारी दोनची शाळा सुटणे, या वेळी छत्री आणि डॉक्टरांनी दिलेले उन्हापासून बचावाचे मलम हवे. पण ऊन टाळले आणि अंगही झाकलेले असले की ड जीवनसत्त्व कमी पडते. वरून स्टेरॉइड हाडे ठिसूळ करते. म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची गोळी विसरू नये.

दुसरा प्रश्न रमजानचा. वर्गातल्या सगळ्या मुली रोजे ठेवतात, मग ही मागे कशी राहील? आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत सूरह बकरहमध्ये स्वतः दिलेली आहे, ती कोणा डॉक्टराने काढलेली पळवाट नाही. मूत्रपिंडाला सूज असताना, पाणी काढायच्या गोळ्या चालू असताना, स्टेरॉइडची मात्रा मोठी असताना चौदा तास पाण्याशिवाय राहणे धोक्याचे आहे. आजार वर्ष-दोन वर्षे शांत असेल, गोळी दिवसातून एकदाच असेल, तर काही मुलींना डॉक्टर सहरीत गोळी घेऊन रोजा ठेवू देतात. रमजानच्या महिनाभर आधी विचारावे, म्हणजे वेळा बसवता येतात. मसला मुफ्ती साहेबांना विचारायचा असेल तर डॉक्टरांचे मत कागदावर घेऊन जावे.

तिसरा प्रश्न नात्यातल्या लग्नाचा. आपल्याकडे चाचा-फुफीच्या घरात रिश्ते होतात. शेजारच्या मराठी घरांतही मामाची मुलगी करतातच. बहुतेक ल्युपस एका जनुकाने होत नाही, त्यामुळे मुलीच्या आईवडिलांनी स्वतःला दोष देत बसू नये. पण आजार पाच वर्षांच्या आत सुरू झाला असेल, किंवा दोन भावंडांना असेल, तर रक्तातल्या पूरक प्रथिनांची जन्मजात कमतरता असू शकते, आणि ती नात्यातल्या लग्नांतून जास्त दिसते. अशा घराने पुढचा रिश्ता ठरवण्याआधी जनुकीय सल्ला घ्यावा.

आणि मुलीचा निकाह. आजार लपवून रिश्ता केला की सासरी गोळ्या लपवून खाव्या लागतात, मग चुकतात, मग बंद पडतात. ल्युपस असलेल्या मुली लग्न करतात, आया होतात. त्यासाठी गर्भ राहण्याआधी किमान सहा महिने आजार शांत असावा लागतो. मायकोफेनोलेटसारखी काही औषधे आधीच बदलावी लागतात, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन चालूच ठेवायची असते. आईच्या रक्तात ‘रो’ नावाची प्रतिपिंडे असतील तर ती नाळेतून बाळाकडे जातात, आणि अशा शंभर बाळंतपणांत साधारण दोन बाळांच्या हृदयाची विजेची वाट गर्भातच तुटते. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असायला हवेत, ते साठ-पासष्टवर येतात. जन्मल्यावर यातल्या बऱ्याच बाळांना पेसमेकर लागतो. कधी कधी आईला स्वतःला काहीच त्रास नसतो आणि बाळाच्या ठोक्यांवरूनच तिच्या आजाराचा पत्ता लागतो. एका बाळाला असे झाले असेल तर पुढच्या खेपेस हा धोका शंभरात सोळा ते अठरा इतका असतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा आयांना गर्भारपणाच्या सुरुवातीपासून तीच स्वस्त गोळी दिली, तेव्हा तो शंभरात साडेसातच्या आत आला. अशा आईच्या बाळाचा गर्भातला इको सोळाव्या आठवड्यापासून सव्वीसाव्यापर्यंत ठरावीक अंतराने करतात. त्यासाठी पहिल्या महिन्यातच, पाळी चुकल्याबरोबर, जुनी फाईल घेऊन दवाखान्यात जायचे असते.